एक वीत आणि चार बोटं

मी पुण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पोरांना नकाशात जिल्हे दाखवताना बुलढाण्यापाशी आले की माझी पट्टी जरा घाईनं पुढं सरकते, कारण माझे बाबा त्या जिल्ह्यातले आणि मी पन्नाशी ओलांडली तरी तो जिल्हा पाहिला नव्हता. बाबांनी आम्हाला तिकडं कधी नेलंच नाही. सुट्टी लागली की आईच्या माहेरी, साताऱ्याला. तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे असं विचारलं की ते एकच शब्द म्हणायचे, ऊन.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी आपणहून विषय काढला. मेहकरच्या पुढं जानेफळ म्हणून गाव आहे, तिथं खंडारे गुरुजींचं घर आहे. खेड्यापाड्यातली पोरं त्या घरात राहून शाळा शिकायची. शिक्षण पुरं करून निघताना प्रत्येक पोरगा आतल्या खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं आपलं नाव आणि गाव लिहायचा. बाबा तिथं तीन वर्षं राहिले. मॅट्रिकच्या परीक्षेला चार महिने उरले असताना त्यांचे वडील वारले म्हणून वडनेर भोलजीहून सांगावा आला आणि ते त्याच दिवशी निघाले. पंधरा दिवसांत येतो, असं गुरुजींना सांगून निघाले आणि परत गेले नाहीत. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी होत्या. खामगावला कापसाच्या जिनिंगात काम धरलं, पुढं पुण्यात पोस्टात लागले, रात्रशाळेतून मॅट्रिक झाले. पण गुरुजींना तोंड दाखवायचं राहून गेलं.

"तिथे भिंतीवर माझं नाव नसणार," बाबा म्हणाले. "तरी बघून ये. आणि मी कोण ते सांगू नकोस."

नसलेलं नाव बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं मी विचारणार होते. मग त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. ऐंशी पार केल्यापासून त्यांचा हात थरथरतो, त्या दिवशी तर शेंगा ताटाबाहेरच पडत होत्या. दिवाळी झाल्यावर मी रजा टाकली.

मेहकर

पुणे ते मेहकर या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की माझी मान एका बाजूला आखडली ती दोन दिवस तशीच होती. सकाळी स्टँडवर उतरले तेव्हा थंडी चांगली बोचत होती. समोरच्या गाडीवर आलूबोंडे तळत होते. पुण्यात आपण वडा म्हणतो त्याचा हा थोरला भाऊ, आणि सोबत तळलेली मिरची. मी शहाणपणानं विचारलं, तिखट आहे का? गाडीवाल्या बाई म्हणाल्या, नाही, फिकी हाय. त्या फिक्या मिरचीनं मला अर्धा तास काही बोलू दिलं नाही.

जानेफळच्या बसला वेळ होता म्हणून बालाजीचं जुनं देऊळ पाहून आले. काळ्या दगडाची उभी मूर्ती, माझ्याहून पुष्कळच उंच. मूर्तीपेक्षा मला तिथला झाडूवाला लक्षात राहिला. मी पुण्याहून आले म्हटल्यावर त्यानं झाडू बाजूला ठेवून मला प्रत्येक खांब दाखवला आणि शेवटी विचारलं, एकट्याच काऊन आल्या? या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन दिवसांत सात-आठ वेळा द्यावं लागलं. आमच्याकडं कुणी एकटं फिरलं तर लोक विचारत नाहीत. इथं विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर बसायला जागा देतात.

बसमध्येही तसंच झालं. शेजारच्या बाईंनी कुणाकडं जाता म्हणून विचारलं. खंडारे गुरुजींच्या घरी म्हटल्यावर त्या जवळजवळ रागावल्या.

"मंग असं सांगा ना आधी. इकडं खिडकीत बसा."

त्यांच्या दिराला गुरुजींनी शिकवलं होतं. गुरुजींना जाऊन किती वर्षं झाली ते त्यांना नीट सांगता येईना, पण गुरुजींच्या घरात कोण कधी सरपंच झालं, मुलगी कुठल्या दवाखान्यात नर्स आहे आणि थोरली सून कुठल्या गावची, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. खिडकीबाहेर तूर पिवळी फुललेली, मधून मधून कापूस, आणि जिथं पीक निघालं होतं तिथं काळी जमीन उघडी. ऊन, बाबा म्हणायचे ते, मला दिसलं. हिवाळ्यातलं असल्यामुळं फार गोड होतं.

जानेफळ

गावात उतरून मी एका पानठेल्यावर पत्ता विचारला. पुण्यात पत्ता विचारला की पत्ता मिळतो. इथं पानठेल्याचा मालक ठेला उघडा टाकून माझ्यासोबत चालू लागला, आणि वाटेत भेटेल त्याला, गुरुजींकडची पाहुणी, असं सांगत गेला. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. घरापाशी पोचले ती एक चप्पल हातात घेऊन.

घर मी कल्पना केली होती त्याहून लहान आणि जास्त देखणं होतं. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, त्यावर दगडीच भिंती, सागाचे चार खांब आणि रस्त्याकडं तोंड केलेल्या दोन मोठ्या खिडक्या. गुरुजींचे वडील पलटणीत होते. लढाईवरून परतल्यावर त्यांनी वस्तीतलं पहिलं दगडी घर बांधलं आणि खिडक्या मुद्दाम रस्त्याकडं काढल्या. त्या काळी वस्तीतल्या माणसानं रस्त्याकडं खिडकी काढणं काही लोकांना खुपलं होतं. गवंड्याला दोनदा दमदाटी झाली. तो काम टाकून जातो म्हणाला तेव्हा पलटणीतला हा माणूस स्वतः थापी घेऊन उभा राहिला. हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त खिडक्या दिसल्या आणि खिडकीत उभ्या असलेल्या सुमनकाकू.

सुमनकाकू म्हणजे गुरुजींची सून. आमचं फोनवर बोलणं झालं होतं. एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी आहे, घर बघायचं आहे, एवढंच मी सांगितलं होतं. बाबांनी नाव सांगू नकोस म्हटलं होतं आणि भिंतीबद्दल विचारलं तर नाव विचारतील, म्हणून भिंतीचा विषयही मी काढला नव्हता. ही माझी चूक. तिचं काय झालं ते पुढं येईलच.

काकूंनी आधी जयभीम केला, मग माझ्या हातातली चप्पल काढून घेतली, पाय धुवायला ऊन पाणी दिलं. प्रल्हादकाका, गुरुजींचे चिरंजीव, बाजेवर बसले होते. सत्तरीपुढचे, निवृत्त हेडमास्तर. आठवड्यापूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, आणि उजव्या डोळ्याची पाळी पुढच्या महिन्यात. माझा आवाज आला त्या दिशेला तोंड करून ते बोलत होते.

जेवणाचं मला कुणी विचारलं नाही, सरळ वाढलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, जवसाची चटणी. भाजीवर काकूंनी कच्च्या तेलाची धार धरली ती मी हात आडवा करेपर्यंत थांबली नाही. मग हातावरही तेल. आमच्या घरी बाबा भाजीवर असंच कच्चं तेल घेत आणि आई त्यांच्यावर डोळे वटारत असे. मी ती एक विक्षिप्त सवय समजत होते. इथं तीन ताटांवर तीच धार पाहून मला बाबांची आठवण इतकी आली की घास गिळवेना. काकूंना वाटलं भाजी तिखट झाली. त्यांनी आणखी तेल घातलं.

जेवण झाल्यावर काका उठले. म्हणाले, घर पाहाले आल्या ना, मंग खरं घर पाह्यलं पाहिजे. माझा हात धरला, म्हणजे मी त्यांना धरलं की त्यांनी मला, ते सांगता येणार नाही, आणि आम्ही बैठकीतून आत गेलो. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातली तसबीर, त्यापुढं वाचायचं लांब टेबल. त्यापलीकडं ती खोली. याच खोलीत एका वेळी पंधरा-सोळा पोरं झोपत. गावाहून भाकरीची गाठोडी बैलगाडीवरून यायची, ती एका दोरीला ओळीनं टांगलेली असायची, असं काका सांगत होते. दोरीचे दोन खिळे अजून होते.

समोरची भिंत पांढरीशुभ्र होती. वरपासून खालपर्यंत, ताजा चुना. एक अक्षर नाही.

मी वळून पाहिलं तर दारात काकू उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

काका भिंतीसमोर ताठ उभे राहिले, वर्गात उभे राहत असतील तसे. हात वर करून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तुळशीराम, डोणगाव. किसन, देऊळगाव माळी. रघुनाथ, लोणी गवळी. यूसुफ, डोणगाव." ओळ संपली की हात डावीकडं यायचा आणि वितभर खाली सरकायचा. मधे थांबून त्यांनी मला नियम सांगितले. आडनाव लिहायचं नाही, हुद्दा लिहायचा नाही. नाव आणि गाव, बस्स. पुढं कुणी तहसीलदार झाला, कुणी बस चालवली, पण भिंतीवर सगळे सारखे. शाई म्हणजे काजळी आणि जवसाचं तेल, शाळेच्या फळ्यालाही तीच. आणि ज्याचं नाव त्यानंच लिहायचं, दुसऱ्यानं कुणी लिहायचं नाही, खुद्द गुरुजींनीसुद्धा नाही.

कोऱ्या भिंतीवरून त्यांचं बोट फिरत होतं आणि काकू पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मला रडू येत होतं, पण त्यात एक स्वार्थ होता. मी बाबांच्या नावाची वाट बघत होते. प्रत्येक ओळीला वाटायचं, आता. सगळ्या ओळी झाल्या. काकांचा हात खाली आला.

"झाली?" मी विचारलं.

"झाली. तुमचे वडील कोणते यातले?"

नाव सांगू नकोस, असं बाबा म्हणाले होते. पण त्या माणसाच्या हातात माझा हात होता आणि खोटं सुचेना. मी म्हटलं, "यातले नाहीत ते. दौलत. वडनेर भोलजीचे."

काका मग म्हणाले, "दौलतचं नाव नाही. पण दौलतची जागा हाय." आणि ती दाखवायला पुढं झाले, खालून दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांनी तळहात ठेवला. लगेच उचलला. बोटं एकमेकांवर घासली. नाकाशी नेली.

चुना हाताला लागला होता.

"सुमन," ते म्हणाले.

काकू पुढं आल्या. दरवर्षी या भिंतीचं काम काका स्वतः करत. लहान ब्रश घेऊन, एकेका ओळीच्या मधून, अक्षराला चुन्याचा थेंब लागू न देता. त्यात त्यांचे दोन दिवस जात. यंदा डोळ्यामुळं त्यांना वाकायची मनाई. आणि चुलीच्या धुरानं भिंत काळवंडलेली. पुण्याची बाई घर पाहायला येणार, तिला काय दिसणार, काळी भिंत? तिनं नावाचं काही विचारलंही नव्हतं. काका डोळे दाखवायला बुलढाण्याला गेले त्या दिवशी काकूंनी स्वतःच चुना कालवला आणि दोन हात मारले. ओळींमधून जपून मारायचं ठरवलं होतं. ते जमेना. एक नाव झाकलं गेलं, ते पुसायला गेल्या तर दुसरं. मग घाबरून सगळीच मारली.

"येवढा वेळ मी कोऱ्या भिंतीवर वाचून राह्यलो," काका म्हणाले. "सांगतलं काऊन नाही?"

"तुमी इतक्या खुशीत वाचून राह्यले होते. मले तोंड उघडवलं नाही."

मी मधे पडले. चूक माझी, मी भिंतीबद्दल आधी बोलायला हवं होतं, असं काहीबाही म्हणत राहिले. काकांनी ते ऐकलं नाही. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. एवढी वर्षं पोरांना सांगत आलो, म्हणाले, न पाहता म्हणता आलं तरच पाठ झालं समजा.

मग ते गंभीर झाले. "बादली आण. पाणी आण अन् फडका आण."

चुन्याचं एक आहे, जे मला भूगोल शिकवून कधी समजलं नव्हतं. ओला असला की त्यातून आरपार दिसतं, वाळला की तो झाकतो. ज्यानं हयातभर चुना मारला त्यालाच हे ठाऊक. काकूंनी भिंतीवर तांब्यातांब्यानं पाणी मारलं, मी फडका भिजवून दाबत गेले. माझा नवा कुर्ता गुडघ्यापर्यंत चुन्याचा झाला. आधी नुसती राखाडी ओल, मग त्यात काळसर रेघा, आणि मग तुळशीराम वर आला. डोणगाव आलं. यूसुफचा मोठा दीर्घ ऊकार आला. काकू प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होत्या आणि काका मान हलवत होते, हजेरी घेत असल्यासारखे.

खालून दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी स्वतः पाणी मारलं. आधी काही दिसेना. फडका दाबून धरला. काही न लिहिलेली जागा, आणि तिच्यापुढं वळणदार, मास्तरी अक्षरात दोनच शब्द. वडनेर भोलजी.

"आमच्या बाबांचं अक्षर," काका म्हणाले. त्यांनी पाहिलं नव्हतं, मी वाचलेलं ऐकलं होतं. "गाव त्यांनी लिहिलं. नाव कसं लिहितीन? नेम त्यांचाच होता. पुढच्या पोरांनी लई वेळा मागतली ती जागा. त्यांनी दिली नाही. म्हणे, दौलत येईन, तो लिहीन."

"गुरुजी रागावले नव्हते?" मी विचारलं. "पंधरा दिवसांत येतो म्हणाले होते ते."

"बाप मेल्यावर पोरगा परत येत नसतो बाई, हे का त्यांले मालूम नव्हतं? वाट पाह्यली. राग कायचा?"

मी तिथंच ओल्या जमिनीवर बसले आणि रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाबांनी साठ वर्षं जी शरम सांभाळली ती या घरात कुणी धरलीच नव्हती. इथं त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

भिंत वरून वाळायला लागली होती. तुळशीराम परत पुसट झाला. मी घाईघाईनं बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन भिंतीसमोर धरला. बाबांना आधी काही समजेना. ते म्हणत होते, हे काय दाखवतेस, भिंत का ओली आहे? मी वाचून दाखवलं. मग पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

काकांनी फोन मागितला आणि तोंडापाशी धरला. "दौलत, पल्या बोलून राह्यलो. गुरुजीचा पल्या."

बाबा पुण्यात कायम जपून बोलत आले. पोस्टात कुणी त्यांच्या बोलीला हसलं असेल, ते त्यांनी सांगितलं नाही, पण आमच्या कानावर वऱ्हाडी कधी पडली नाही. त्या क्षणी ती पडली.

"पल्या? तू एवढुसा होता बे. मी तुले खांद्यावर घेऊन नेत जावो नदीवर."

"हाव. अन् एकदा पाडलं होतं."

दोघं हसले. मग बाबांनी विचारलं, "जागा किती हाय?"

काका भिंतीपाशी गेले. मी त्यांचं बोट रिकाम्या जागेच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. त्यांनी अंगठा टेकवून हात पसरला, मग करंगळीपुढं दुसऱ्या हाताची बोटं लावली. "एक वीत अन् चार बोटं."

बाबा मनातल्या मनात लिहून बघत असावेत.

"पुरते," ते म्हणाले.

पुन्हा पुणे

दुसऱ्या दिवशी निघताना काकूंनी जवसाची चटणी, शिवून आणलेली चप्पल आणि एक लुगडं हातात दिलं. भिंत तोवर पूर्ण वाळून पांढरी झाली होती. काकांनी रिकाम्या जागेभोवती माझ्याकडून पेन्सिलीनं चौकट काढून घेतली. बाकीची नावं डोळा बरा झाला की ओली करून, एकेक शोधून, पुन्हा गिरवणार आहेत. गिरवणं म्हणजे लिहिणं नव्हे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. नियमाचा तेवढा अर्थ लावायचा हक्क गुरुजींच्या मुलाला असावा.

घरी आले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. समोर माझ्या शाळेची जुनी वही, हातात ब्रश, वाटीत काजळी आणि जवसाचं तेल. ते तेल त्यांनी कुठून पैदा केलं ते मी विचारलं नाही. पानापानावर पट्टीनं चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत दौलत. पहिल्या पानावर अक्षरं वाकडी, हात थरथरल्याच्या खुणा. एका ठिकाणी शेवटचा त चौकटीबाहेर गेलेला. पुढच्या पानांवर जरा सुधारणा होती.

"ये इकडे," ते म्हणाले. "पल्याची वीत केवढी आहे? माझ्याएवढी, की लहान?"

निघताना काकांचा निरोप घेताना मी माझा तळहात त्यांच्या तळहाताला लावला होता. त्यांचं बोट माझ्याहून अर्ध्या पेरानं मोठं होतं. मी हात पसरून वहीवर ठेवला आणि अर्धं पेर पुढं खूण केली. बाबांनी माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. थरथर होती, पण त्यांनी तो टेकवून धरला होता.

"म्हणजे थोडी जास्तच आहे जागा," ते म्हणाले, आणि पान उलटून नवी चौकट आखायला घेतली.

मी मेहकरची दोन तिकिटं काढली आहेत.